फोटो ग्रीसचा, पाऊस त्र्यंबकचा

मी आर्किटेक्ट. मागच्या दिवाळीनंतर एक जोडपं माझ्याकडे आलं. नाशिकजवळच्या गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला, गंगाव्हऱ्याच्या बाजूला त्यांनी अठरा गुंठे घेतले होते. जमीन उताराची, पश्चिमेला पाणी. बाईंनी खुर्चीत टेकायच्या आधीच मोबाइल पुढे केला. "मॅडम, आम्हाला अस्संच हवंय." फोटोत डोंगराला चिकटून बसलेलं घर होतं. दगडी भिंती, त्यांवर काँक्रीटचा सपाट स्लॅब, पुढे अख्खी काच आणि खाली निळाशार समुद्र. घर ग्रीसमधलं होतं.

वर्षाला असे दोन-तीन फोटो येतात. पूर्वी मी हसून विषय बदलायचे, आता बदलत नाही. कल्पना चांगलीच आहे, दगड आपल्याकडे त्यांच्याहून कमी नाही. अडचण एवढीच की त्या घरावर पडणारा पाऊस वेगळा आहे. भूमध्य समुद्राच्या काठी उन्हाळा कोरडा ठणठणीत असतो आणि पाऊस येतो तो थंडीत, हप्त्याहप्त्याने. अथेन्सला वर्षभरात साधारण ४०० मिलिमीटर. आपल्या नाशिक शहरात ७०० च्या आसपास आणि तोही चार महिन्यांत. शहरातून त्र्यंबकच्या दिशेने तीस किलोमीटरही जायचं नाही, तर आकडा २००० च्या पुढे. तुमचा प्लॉट या दोन्हींच्या मध्ये कुठे आहे, हे आधी बघायचं. गंगाव्हऱ्याचं घर आणि अंजनेरीच्या पायथ्याचं घर एकाच नकाशावर बांधता येत नाही.

फोटोतल्या घरातून काय उचलायचं ते आधी सांगते. आरिस कोन्स्तान्तिनिदिस नावाच्या ग्रीक वास्तुविशारदाने १९६० च्या दशकात अथेन्सजवळ अनाव्हिसोसला समुद्रकाठी एक सुट्टीचं घर बांधलं: तिथल्याच दगडाच्या जाड भिंती आणि वर काँक्रीटचा साधा स्लॅब. नक्षी नाही, रंग नाही. दुसरं घर स्पेनच्या मायोर्का बेटावरचं, 'कान लिस'. सिडनी ऑपेरा हाउसवाल्या योर्न उत्झोनने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला स्वतःसाठी बांधलेलं. खिडक्यांचे कोनाडे इतके खोल आणि काचेची चौकट बाहेरच्या बाजूने अशी बसवलेली, की आत बसलं तर चौकट दिसतच नाही, फक्त दगड आणि समुद्र. हे घ्यायचं: जवळचा दगड, जाड भिंत, खोल खिडकी, उताराबरोबर पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारं घर. सोडायचं ते पांढरं प्लास्टर आणि भिंतीच्या कडेलाच कापलेला, छज्जा नसलेला स्लॅब. तो स्लॅब आपल्याकडे दोन पावसाळ्यांत भिंतीवर काळे ओघळ काढतो.

आता जमीन. सातबारा, मोजणी, एनए म्हणजे बिनशेती परवानगी, हे तुमचे वकील बघतील. मी एवढंच सांगेन की पाच फुटांत एक फुटाहून जास्त चढ असलेल्या डोंगरजमिनीवर साधारणपणे बांधकामाची परवानगी मिळत नाही, तेव्हा उतार मोजून मगच बयाणा द्या. मोजायला यंत्र लागत नाही. गवंड्याकडची पारदर्शक लेव्हल ट्यूब घ्या, पन्नास फुटी. पाणी भरताना बुडबुडा राहू देऊ नका, एक बुडबुडा राहिला तरी माप खोटं येतं. एकाने वर, एकाने खाली काठी धरायची आणि दर दहा फुटांवर पाण्याची पातळी काठीवर खुणावायची. नंतर काँटूर सर्व्हे, म्हणजे उंचसखलपणाचा नकाशा, करायचाच आहे, पण या एका सकाळीत जमीन तुमच्या पायांना कळते.

आणि जमीन बघायला जुलैत जा. मार्चमध्ये सगळेच प्लॉट देखणे असतात. जुलैत छत्री घेऊन तासभर उभं राहायचं आणि पाणी वरून कुठून येतं, कुठे वळतं, कुठे जिरतं, कुठे जमिनीतून आपोआप पाझरतं, हे कागदावर काढायचं. आमच्या ऑफिसात कुठल्याही उताराच्या घराचं पहिलं ड्रॉइंग हेच असतं. खोल्या त्यानंतर.

मग तीन खड्डे: वर, मधे, खाली. काळी माती लागेल, एक फूट किंवा चार फूट. ती ओली झाली की फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यावर पाया टेकवायचा नाही. तिच्याखाली मुरूम, मग मांजऱ्या म्हणतात तो मऊ खडक, मग काळा पाषाण. पण आपला सह्याद्री लाव्हाच्या थरांवर थर चढून झालाय आणि दोन थरांच्या मधे कधी कधी लाल गेरूसारखा पट्टा असतो. खड्ड्यात तो दिसला की थांबा. वरून मुरलेलं पाणी त्या पट्ट्यावर अडतं, आडवं धावतं आणि उतारावर पाझर म्हणून बाहेर येतं. ओला झाला की तो पट्टा साबणासारखा. तिथे पाया किती खोल न्यायचा हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने ठरवायचं. मी नाही आणि पोकलेनवाल्याने तर नाहीच.

पोकलेनवाल्याचं वेगळं सांगायला हवं. तो ताशी भाड्यावर असतो आणि त्याला एकच गोष्ट छान जमते, ती म्हणजे सपाट करणं. समजा उतार सातास एक आहे आणि घर चाळीस फूट खोल. म्हणजे घराच्या मागच्या आणि पुढच्या कडेत जवळपास सहा फुटांचा फरक. सपाट करायचं तर मागे डोंगर कापा, पुढे भराव टाका. मग अर्धं घर खडकावर, अर्धं भरावावर. भराव दोन-तीन पावसाळे बसत राहतो आणि भेग बरोबर दोघांच्या मधे पडते. त्यापेक्षा घरच दोन पातळ्यांत तोडा: मागची पातळी तीन फूट वर, पुढची खाली, मधे सहा पायऱ्या. कापणं जवळपास निम्मं होतं आणि वरच्या पातळीवरच्या स्वयंपाकघरातूनही खालच्या बैठकीच्या डोक्यावरून पाणी दिसतं. "आजीच्या गुडघ्यांचं काय?" हा प्रश्न येतोच. आजींची खोली, बाथरूम, देवघर आणि स्वयंपाकघर एका पातळीवर ठेवायचं, गाडीही तिथेच लावायची. खाली पोरांनी धावावं.

आता मुख्य गोष्ट, जी मी पैसे भरून शिकले. २००६ साली मी उतारावरचं पहिलं काम केलं. मागे सात फूट उंच, चाळीस फूट लांब दगडी रिटेनिंग वॉल, म्हणजे डोंगराची माती अडवणारी भिंत. नकाशात पाण्याचे पाइप दाखवले होते, बसवलेही होते. पण भिंतीमागे दगडगोट्यांचा भराव हवा होता, तिथे खोदाईतली काळी माती ढकलली गेली, कारण ती समोर पडली होती आणि पाऊस तोंडावर आला होता. मी त्या दिवशी दुसऱ्या साइटवर होते. ऑगस्टमध्ये भिंतीला पोट आलं, तीन इंच. पोळ्याच्या आदल्या रात्री भिंत गेली. त्या बाजूला कोणी राहत नव्हतं म्हणून निभावलं. सकाळी आमचे म्हातारे गवंडी, त्यांना सगळे मामा म्हणतात, पडलेल्या ढिगातला एक पाइप उचलून माझ्याकडे आले. आत बोट घातलं आणि काळ्या चिखलाची वीतभर लांब वात ओढून काढली. "ताई, हा पाइप कधी वाहिलाच नाही बघा." निम्मा खर्च मी भरला.

त्या रात्री भिंतीवर किती जोर होता याचा हिशेब मी नंतर मांडला. सात फूट उंचीचं पाणी भिंतीमागे तुंबलं की भिंतीच्या दर मीटर लांबीवर जवळपास सव्वादोन टनांचा आडवा रेटा येतो, तोही नुसत्या पाण्याचा, माती वेगळी. चाळीस फुटांना सत्तावीस-अठ्ठावीस टन. माझे वडील दिंडोरी रोडला मेरीत, म्हणजे महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेत नोकरीला होते. त्यांना हे सांगितलं तर म्हणाले, "गंगापूर धरण मातीचं आहे. मातीच्या धरणाच्या पोटातसुद्धा मुरलेल्या पाण्याला बाहेर जायला वाट ठेवतात. तू घराच्या भिंतीला ठेवली नाहीस."

तेव्हा भिंत अशी बांधायची. एक उंच भिंत टाळा, तीन-साडेतीन फुटांच्या दोन-तीन भिंती टप्प्याटप्प्याने घ्या, मधे झाडांना जागा. तळाची रुंदी उंचीच्या निम्म्याहून जास्त. भिंत डोंगराकडे किंचित झुकलेली. मागे फूट-दीड फूट रुंदीचा डबर आणि खडी, आणि खडी व मातीच्या मधे जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी सोडणारं पण माती अडवणारं कापड, नाहीतर दोन वर्षांत माती खडीत शिरते. तळाशी भोकांचा पाइप, एका टोकाकडे उतार देऊन. भिंतीत तीन-चार इंची पाइप साधारण पाच-पाच फुटांवर, वरच्या ओळीतले खालच्या ओळीच्या मधोमध, बाहेरच्या बाजूला उतरते. आणि या सगळ्याच्या वर, घराच्या डोक्यावर डोंगरात एक चर, जो वरून येणारं पाणी घराला वळसा घालून बाजूच्या ओहोळात नेईल. चर काढायला एक दिवस लागतो आणि सगळ्यात आधी तोच खर्चातून कापला जातो.

तीन फुटांच्या आतल्या भिंती तर सिमेंटशिवाय, कोरड्या रचाव्यात. भूमध्य प्रदेशातले द्राक्षांचे आणि ऑलिव्हचे उतार अशाच कोरड्या भिंतींनी धरलेले आहेत. ग्रीस, इटली, स्पेन, क्रोएशिया अशा आठ देशांची ही कला २०१८ साली युनेस्कोच्या वारसा यादीत गेली. आपले शेताचे दगडी बांध दुसरं काय आहेत? पाणी फटींतून निघून जातं, भिंत उभी राहते. हे काम येणारी माणसं पेठ-सुरगाण्याच्या वाटेवर अजून सापडतात. नर्सरीवाल्याला विचारू नका, शेतकऱ्याला विचारा.

उन्हाबद्दल. फोटोतल्या घराला समोर अख्खी काच चालते, कारण अथेन्सचा सूर्य हिवाळ्यात दुपारी फक्त २८ अंशांवर असतो, तो आत यावा म्हणून ती काच. नाशिक २० अक्षांशावर. मेच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारी सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर असतो, तेव्हा दक्षिणेच्या खिडकीला दोन-अडीच फुटांचा छज्जा पुरतो. खरा वैरी पश्चिमेचा. मेमध्ये संध्याकाळी पाचला सूर्य अजून २७-२८ अंशांवर असतो. सात फूट उंच काचेवर तेव्हा सावली पाडायची तर तेरा फुटांचा छज्जा लागेल. आणि बॅकवॉटरचा देखावा नेमका पश्चिमेला!

त्या जोडप्याशी याच मुद्द्यावर तीन बैठका झाल्या. शेवटी पश्चिमेला आठ फुटी पडवी घेतली, बांबूच्या चिकांसह. बैठकीच्या खोलीची मोठी खिडकी वायव्येकडे फिरवली, पाणी तिरकं दिसतं. पश्चिमेच्या भिंतीत दीड फूट खोल, दोन फूट रुंद अशा उभ्या तीन खिडक्या. बाई आधी नाराज होत्या. मग मी कोऱ्या पुठ्ठ्यात तशी फट कापून त्यांना साइटवर संध्याकाळी साडेपाचला डोळ्यांपुढे धरायला लावली. बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "अहो, यातून ते जास्तच छान दिसतंय."

पडवीवर द्राक्षाचा वेल सोडायचा हट्ट मात्र मी मोडला. नाशिककरांना वाटतं द्राक्ष म्हणजे आपलंच. पण तिकडे वेल उन्हाळ्यात भरगच्च असतो आणि थंडीत उघडा. आपल्याकडे एप्रिलमध्ये खरड छाटणी! म्हणजे ऐन उन्हात मांडव बोडका. छाटला नाही तर घड नाहीत. मधुमालती लावा.

दगड. खोदाईत निघालेला दगड ट्रकने बाहेर पाठवू नका, तो छाटून रचून ठेवा. हातोडीने ठोका: खणखणला तर भिंतीत, भद्द आवाज आला तर जमिनीखाली भरावात. शंका असेल तो दगड कोरडा तोलून रात्रभर पाण्यात ठेवा आणि सकाळी पुसून पुन्हा तोला. शेकडा पाचाहून जास्त वजन वाढलं तर बाहेरच्या भिंतीला नको. पांढऱ्या-हिरवट स्फटिकांची भोकं असलेले तुकडे निघतील. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात काचेआड ठेवलेले असतात त्यांचे हे गरीब भाऊबंद. मुलांना द्या, भिंतीत घालू नका.

काळा दगड काळा आहे, ही गोष्ट फोटो बघताना सगळे विसरतात. तिकडचा चुनखडीचा दगड फिकट, ऊन परतवतो. आपला शोषतो. पंधरा-अठरा इंची भिंतीत दुपारी शिरलेली धग आत पोचायला दहा-बारा तास लागतात, म्हणजे ती मध्यरात्रीनंतर खोलीत येते. तेव्हा निजायच्या खोल्या पश्चिमेच्या दगडी भिंतीला लावू नका आणि रात्री वारा आरपार जाईल अशा समोरासमोर खिडक्या ठेवा. एप्रिलमध्येही नाशिकची पहाट गार असते, ती वाया घालवू नये.

रचाई बघायला मामांजवळ उभं राहावं. दगड उचलतात, दोन्ही हातांत फिरवतात, तोंड कुठलं आणि बैठक कुठली ते शोधतात. हातोडीचे दोन घाव, एक टवका उडतो. दगड ठेवतात, अंगठ्याने दाबतात. डुलला तर मागून चीप. मग ओळंबा. घाईचा गवंडी काय करतो, तर चपटा दगड उभा लावतो. तोंड मोठं दिसतं, दिवसाची भिंत लवकर भरते आणि मागे सिमेंट-वाळूच्या मसाल्याची पोकळ थैली राहते. तुम्ही साइटवर जाल तेव्हा भिंतीच्या वरच्या थराकडे बघा, तोंडाकडे नाही. दगड भिंतीत आत किती गेलाय ते तिथे दिसतं.

आरपार जाणारा दगड हा हट्टाने मागायचा. किल्लारीला ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ज्या जाड भिंती पडल्या, त्यांच्यात बाहेरचा पदर आणि आतला पदर वेगवेगळे होते, मधे माती आणि चिपा. हादऱ्यात दोन्ही पदर सुटले. म्हणून उंचीत दर दोन फुटांवर आणि लांबीत दर चार फुटांवर एक दगड दोन्ही पदरांना धरणारा हवा. मोठा दगड नसेल तर त्या जागी सळई घालून काँक्रीटचा ठोकळा ओता. शिवाय जोत्याला, लिंटेलला आणि स्लॅबखाली काँक्रीटचा सलग पट्टा. मी तर उतारावर सरळ आरसीसी सांगाडा घेते आणि दगडाला त्यात बांधते. आणि ज्या बाजूने पावसाची झड येते, तिथे दगडाच्या आत दोन इंच पोकळी आणि मग चार इंची वीट. झड दगडाच्या दरजांतून आत येतेच. पोकळीत उतरू द्यावी आणि तळाला भोकं ठेवून बाहेर काढावी. दरजा दगडाच्या तोंडापासून अर्धा इंच आत ठेवा. उंचवट्याच्या सिमेंटी दरजा काढल्या की घर कासवासारखं दिसतं.

काँक्रीट उघडं ठेवायचं असेल तर आधी साइटवर चार फूट बाय चार फुटांची भिंत ओतून बघा. ती बिघडणार आहे, म्हणूनच ओतायची. प्लाय नवं, सांधे टेपने बंद, सिमेंट एकाच कंपनीचं. "जरा पातळ करू का?" असं कोणी विचारलं की नाही म्हणायचं, त्या बादलीभर पाण्यानेच पुढे रंग बदलतो आणि ताकद जाते. बाहेरच्या कॉलमला सळईबाहेर काँक्रीटचं ४० मिलिमीटर कव्हर. एप्रिल-मेमध्ये पीपीसी (राखमिश्रित) सिमेंट असेल तर चौदा दिवस पाणी मारायचं, रविवारीसुद्धा. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोकं पडली तर मुकाट्याने दुरुस्त करायची. वरून गिलावा मारून लपवला की उघड्या काँक्रीटचा अर्थच गेला.

स्लॅब बाहेर तीन फूट काढा, झडीच्या बाजूला जास्त. कडेपासून दोन इंचांवर खालच्या अंगाला अर्ध्या इंचाची खाच ठेवा, पाणी तिथून सुटून खाली पडतं, भिंतीकडे वळत नाही. वर विटांच्या तुकड्यांचा कोबा, शंभरास एक उतार, कठड्याच्या कोपऱ्याला गोल वाटा (गोलाई) आणि वर पांढरा चायना मोझेक. पांढऱ्याची हौस तिथे फेडून घ्या. हजार चौरस फुटांच्या स्लॅबवर इंचभर पाऊस म्हणजे जवळपास २३६० लिटर पाणी. ग्रीक बेटांवर ते घराखालच्या हौदात साठवतात आणि उन्हाळाभर पुरवतात. आपणही साठवावं, पण आपला हौद जुलैच्या पहिल्या आठवड्यातच भरतो. तेव्हा हौदाआधी हौदाच्या सांडव्याचं ड्रॉइंग.

त्या जोडप्याच्या घराचं काम मेअखेर स्लॅबपर्यंत आलं. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस रात्री साडेनऊला सुरू झाला. मी रेनकोट घातला, मामांना फोन केला, तेही निघालेलेच होते. टॉर्च घेऊन आम्ही मागच्या भिंतीचे पाइप मोजले. सतरापैकी अकरा वाहत होते, पाणी स्वच्छ. सहा कोरडे. मामांनी सळई घेतली, एकेका पाइपात घालून ढोसलं. चारांतून खडीतला कचरा निघाला आणि ते वाहायला लागले. उरलेले दोन भिंतीच्या उत्तर टोकाचे, तिथे वरचा चर अजून पुरा झाला नव्हता आणि पाणी भलतीकडे वळत होतं. सकाळी सहा वाजता दोन माणसं आणि टिकाव घेऊन तिथे या, असं मी ठेकेदाराला तिथूनच फोन करून सांगितलं.